शनिवारचे ऑडिटर

नोटीस येऊन आठ दिवस झाले आणि आठ दिवसांत तिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही, यावरूनच अंबुबाईंनी ओळखलं की प्रकरण साधं नाही. एरवी या घरात सारात मीठ जास्त झालं तरी दोन दिवस चर्चा चालते. नुकत्याच झालेल्या दसऱ्याला शिलाईच्या मशिनींना हार कुणी घालायचे यावरून बापलेकांचं असं वाजलं होतं की समोरचा औषधवाला दुकानाबाहेर येऊन बघत उभा राहिला. आणि विक्रीकर खात्याची नोटीस मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात मुकाट पडून होती. ती बाहेर काढली की तिच्यामागून व्याह्यांचं नाव बाहेर येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी शुक्रवारी दुपारी धाकट्या यशोवर्धनने ती काढली. दोन ते चार दुकान बंद असतं. पुढे पेटे विकायचं दुकान, मागे घर आणि मधे ऑफिसची खोली. सत्काराला माणसाच्या डोक्यावर चढवतात तो जरीचा म्हैसूर पेटा अंबुबाईंचे यजमान प्रतापराव यांच्या घरात तीन पिढ्या बांधला जातो, आणि बेंगळुरात सत्कारांना तोटा नाही, म्हणून घर चाललं आहे. यशोवर्धनला आता कोरमंगलात दुसरं दुकान काढायचं होतं. कम्प्युटर कंपन्या परदेशी पाहुण्यांना पेटे घालू लागल्या होत्या. दुकानासाठी बँकेचं कर्ज हवं, कर्जासाठी स्वच्छ हिशेब हवेत, आणि त्यासाठी तो थेट एक नवा ऑडिटरच घरी घेऊन आला होता. अजित नाव. पुण्याचा, तिशीचा, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा.

तो जाऊन बसला नेमका व्याह्यांच्या खुर्चीवर. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? थोरली सून संयोगिता कॉफीचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. अंबुबाईंनी ते पाहिलं.

संयोगिताचे वडील विश्वेश्वरराव हनुमंतनगरचे जुने ऑडिटर. लेकीचं लग्न या घरात झालं त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी या घराचे हिशेब मागून घेतले, आणि तेव्हापासून बारा वर्षं दर शनिवारी अकराला येतात, चारला जातात. ऑडिटरने स्वतः येऊन वह्या लिहायच्या, हे चामराजपेटेत कुणी ऐकलं नव्हतं. त्यासाठी कारकून असतात. पण लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्न सोडाच, पाणीही घ्यायचं नाही, ही त्यांच्यातली जुनी रीत. बिनकामाचा बाप लेकीच्या दारात वर्षातून किती वेळा येणार? दिवाळीला एकदा, संक्रांतीला एकदा. कामाचा माणूस मात्र दर आठवड्याला येऊ शकतो. म्हणून ते ऑफिसच्या दाराने आत येत आणि ऑफिसच्याच दाराने जात. तीन वाजता कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने एक कॉफी पिऊन येत. संयोगिता दोन-तीनदा दाराशी येऊन उभी राही. "बरं आहे ना अप्पा?" "बरं आहे." एवढंच बोलणं. मूल झालं नाही, आणि होणार नाही असं डॉक्टरांनी सांगून चार वर्षं झाली होती. विश्वेश्वररावांना ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

अंबुबाईंना या शनिवारांचा अर्थ पहिल्याच शनिवारी कळला होता. त्यांचे स्वतःचे वडील होसूरहून बसने यायचे, जोंधळ्याची पिशवी पायरीवर ठेवायचे आणि उभ्यानेच विचारायचे, "अंबू, सुखात आहेस ना?" थोरला मुलगा देवव्रत जन्माला यायच्या आधीच ते गेले. या घरातला पाण्याचा घोट त्यांच्या पोटात गेला नाही. आज पासष्टी आली तरी उन्हाळ्यात माठ भरताना अंबुबाईंना वडील आठवतात आणि त्या उगाच मोलकरणीवर ओरडतात.

"नोटीस वाचली का सगळ्यांनी?" यशोवर्धन म्हणाला. "ऑगस्टचं एक अख्खं पान बेरजेत घ्यायचं राहिलंय. खात्याला वाटतं आपण विक्री लपवली. दंड भरून टाकू, त्याचं काही नाही. पण बँकेतला माणूस मला काय विचारतो? म्हणतो, ऑडिटर घरचेच का हो?"

"बारा वर्षांत एक चूक," प्रतापराव म्हणाले. "तुझ्या प्रगतिपुस्तकात दर परीक्षेला तीन लाल रेघा असायच्या. मी पोरगा बदलला काय?"

"बाबा, मी त्यांना नावं ठेवत नाही."

"मग काय आरती ओवाळायलायस?"

अजितने घसा साफ केला. घरच्या भांडणात पाहुण्याने पडू नये, एवढं पुण्यातही शिकवतात, पण त्याला वाटलं आपण मदतच करतो आहोत. "सर, खरं सांगू का, काम तसं फार नाहीये. एकदा सगळं कम्प्युटरवर टाकलं ना, की महिन्याला दोन तास. मॅक्झिमम तीन."

"महिन्याला?" अंबुबाईंनी विचारलं.

"हो काकू. म्हणजे एन्ट्रीज आहेतच किती?"

दर शनिवारी पाच तास, याची बेरीज करायला ऑडिटर लागत नाही. यशोवर्धनला मात्र आयता मुद्दा सापडला. "बघा की! मग हे पाच-पाच तास बसून करत काय होते?"

उत्तर दारात ट्रे घेऊन उभं होतं. ते यशोवर्धनच्याही एकदम लक्षात आलं, आणि त्याने नोटीस पुन्हा वाचायला घेतली, वाचून झाली तरी खाली ठेवली नाही.

"एक प्रोसिजर आहे," अजित सावकाश म्हणाला. "आधीच्या ऑडिटरना मला लिहून विचारावं लागतं. हे काम मी घेतोय, तुमची काही हरकत आहे का? रजिस्टर पोस्टाने पाठवायचं. त्यांचं उत्तर येईपर्यंत मी वहीला हात लावत नाही. आमच्या धंद्यातला नियम आहे तो. मी पत्र तयार करून आणलंय."

"व्याह्यांना रजिस्टर पोस्टाने?" प्रतापरावांचा आवाज चढला. "चामराजपेटेतून हनुमंतनगरला? तिथं ओरडलं तर इथं ऐकू येतं!"

"हातात दिलं तरी चालेल, सर. फक्त पोच हवी."

थोरला देवव्रत इतका वेळ खिडकीशी उभा होता. तो घरातल्या भांडणात कधी पडत नसे. दोन्ही बाजूंना मान हलवायची आणि जो जास्त ओरडेल त्याच्या बाजूचा होऊन निजायला जायचं, असा त्याचा खाक्या. पण आज त्याला बायकोचा चेहरा दिसत होता. गेल्या महिन्यात तिला कावीळ झाली होती, अजून डोळ्यांत पिवळी झाक होती. आजारात तापाच्या ग्लानीत ती एकच विचारत होती, आज शनिवार आहे का? बाकी तिने या घराकडे कधी काही मागितलं नव्हतं. मूल नाही म्हणून रडली तीही न्हाणीघरात, नळ सोडून. आपण तिला काय दिलं, असं देवव्रतने स्वतःला पुष्कळदा विचारलं होतं, आणि दर वेळी त्याला शनिवारच आठवत. तेही त्याने दिले नव्हते.

"राहू दे," देवव्रत म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "नको बदलायला. कोरमंगलाचं पुढच्या वर्षी बघू."

"अण्णा, तूही?"

"होय, मीही. कर्जासाठी दुसऱ्या बँकेत विचार. आपलं ऑफिस आहे तसं चालू दे."

"शाबास," अंबुबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत थोरल्याला त्यांनी हा शब्द तिसऱ्यांदा वापरला असेल. "यशा, ऐकलंस ना? तिघं एका बाजूला. या पुण्याच्या पोराला जेवायला वाढते आणि वाटेला लावते."

यशोवर्धन हरला होता. त्याने नोटिशीची घडी घातली. अजित पत्र पिशवीत ठेवू लागला.

"बदला," संयोगिता म्हणाली.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. हात पदराला पुसले.

"काय म्हणालीस?" अंबुबाईंनी विचारलं.

"ऑडिटर बदला, आत्याबाई. भाऊजी बरोबर म्हणतात." ती सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, बारा वर्षांत एकच चूक झाली असं नाही. एकच बाहेर गेली. रविवारी दुपारी तुम्ही सगळे आडवे झालात की मी वह्या बघते. अप्पांनी मला लहानपणापासून शिकवलंय. जिथं चुकलं असेल तिथं पेन्सिलीने बरोबर आकडा लिहून ठेवते. आधी वर्षाला दोन-चार असायच्या. गेल्या दोन वर्षांत वाढल्या. उन्हाळ्यापासून अकरा झाल्या. कावीळ झाली म्हणून सप्टेंबरात मी महिनाभर उठले नाही, आणि तेवढ्यात हे पान निसटलं."

अंबुबाई तिच्याकडे वळल्या. "आणि हे तू चारचौघांत सांगतेस? पोटची पोर ना तू त्यांची? लोक बापाचं झाकतात, आणि तू..."

"झाकतच होते, आत्याबाई."

"मग झाक की अजून!"

"होय की," प्रतापराव पुढे सरकले. त्यांना वाटलं, उपाय सापडला. "ते लिहितात, तू दुरुस्त कर. इतकी वर्षं चाललं, पुढेही चालेल. काय बिघडलं?"

"वैनी, मला यातलं काही ठाऊक नव्हतं," यशोवर्धन घाईघाईने म्हणाला. ज्यासाठी भांडत होता ते हातात पडल्यावर त्याला ते नकोसं झालं होतं. "मी काय म्हणतो, स्वल्प थांबू आपण. जानेवारीत बघू. घाई काय आहे?"

आता सगळं घर एका बाजूला होतं आणि ती एकटी दुसऱ्या. याची तिला बारा वर्षांत सवय नव्हती. सुनेने इतकी माणसं आपल्या बापाच्या बाजूने भांडताना पाहावी, हे भाग्य थोडक्यांना मिळतं, आणि तिला ते लाथाडायचं होतं.

"मामंजी, चाळीस वर्षांची सही आहे त्यांची," ती म्हणाली. "आज एक चूक बाहेर गेलीय तर लोक म्हणतील, वय झालं माणसाचं. आणखी दोन गेल्या तर म्हणतील, सुनेचा बाप म्हणून ठेवला होता. मग कुणी कितीही झाकलं तरी उपयोग नाही. मी पुन्हा आजारी पडणार नाही का? आत्ता उठले तर मानाने उठतील. पुढच्या वर्षी त्यांना उठवावं लागेल."

"आणि शनिवारचं?" देवव्रतने हळू विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा धीर सुटला असता. शनिवारचं काय, हाच एक प्रश्न ती दोन वर्षं वह्या बघताना स्वतःला विचारत आली होती. काम गेलं की अप्पा येणार नाहीत. दिवाळीला पायरीवर उभे राहतील, संक्रांतीला उभे राहतील, आणि मधल्या सगळ्या आठवड्यांत हनुमंतनगरच्या त्या दोन खोल्यांत एकटे बसतील. दार उघडून त्यांची पाठ बघायची, पानं उलटल्याचा आवाज ऐकत भाजी चिरायची, एवढंच तर तिला मिळत होतं, आणि तेवढं तिला पुरत नव्हतं तरी तेच हवं होतं.

"पत्र मला द्या," ती अजितला म्हणाली. "पोस्टाने नको. उद्या सकाळी मीच नेते. ते निघायच्या आत."

अजितने पत्र दोन्ही हातांनी दिलं.

संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा प्रतापराव ऑफिसच्या खोलीत आले आणि त्यांनी बारा वर्षांत प्रथमच ती वही स्वतः उघडली. हिशेबाचं त्यांना वावडं. डोक्याचा घेर बघून सांगतील की पेट्याला किती कापड लागेल, पण आकडे दिसले की त्यांना जांभई येई.

हिशेब मागायला विश्वेश्वरराव आले होते तो दिवस त्यांना आठवत होता. मांडवातली देणीघेणी मिटून महिना झाला होता. पायरीखाली उभं राहून म्हणाले होते, तुमच्या वह्या मला लिहू द्या, पैसे नकोत. नऊवारीतली लेक आतून डोकावत होती आणि बापाची नजर तिकडे जात होती. प्रतापराव म्हणाले होते, फी घ्यावी लागेल, फुकटचं काम मी घेत नाही. फुकट घेतलं असतं तर तो व्याही झाला असता, आणि व्याह्याला दर आठवड्याला उपाशी कसं बसवायचं? म्हणून शनिवारी ते त्यांना कधी व्याही म्हणत नसत. "या ऑडिटरसाहेब," म्हणत. एवढं सोपं करून ठेवलं होतं त्यांनी सगळं.

पेन्सिलीचे आकडे कुठे दिसतात ते ते शोधू लागले. पाच-सहा पानं उलटली. एक सापडला. मग आणखी एक. चष्मा पुसून त्यांनी वही दिव्याखाली धरली. प्रत्येक पेन्सिलीच्या आकड्यावरून कुणीतरी शाईने सावकाश गिरवलं होतं. सुनेचा दोनचा आकडा जसा खाली वळतो तसाच शाईतही वळवला होता, रेघभरही इकडेतिकडे नाही. म्हणजे व्याह्यांना ठाऊक होतं. कुणीतरी दुरुस्त करतं तेही, आणि ती आपली लेकच आहे तेही. प्रतापरावांनी वही मिटली आणि हे कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी देवव्रत स्कूटर काढू लागला तर संयोगिता नको म्हणाली आणि ऑटोने गेली. नऊ वाजता ती हनुमंतनगरला पोचली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. फाटकावरची पाटी तेवढी रोज पुसलेली असे. विश्वेश्वरराव तयार होते. पांढरा शर्ट, काळा कोट, दाराशी पिशवी. कोटाची वरची गुंडी ते लावत होते, तिला बघून तशीच राहिली.

"तू कशी? आज शनिवार. मीच येणार होतो की."

तिने पत्र दिलं. सांगायचं रात्रभर पाठ केलं होतं, ते सगळं फाटकाशी राहिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

"पुण्याचा मुलगा?"

"होय."

"रीतसर लिहिलंय. हल्ली कुणी लिहीत नाही इतकं रीतसर. मी तरुणपणी अशी नऊ पत्रं पाठवली. आलेलं हे पहिलंच." त्यांनी पेन काढलं, कार्बन प्रतीवर पोच म्हणून सही केली, तारीख घातली. मग कोरा कागद घेऊन चार ओळी लिहिल्या, आपली काहीही हरकत नाही, सगळी कागदपत्रं सुपूर्द करीन. सही पूर्वीसारखीच सरळ आली. "कुणी ठरवलं? यशोवर्धनने?"

"नाही. मी."

त्यांनी मान वर केली. तिला वाटलं आता ते विचारतील, का ग? ते म्हणाले, "पहिल्या वर्षी किती सापडल्या होत्या?"

"काय?"

"चुका."

तिच्या तोंडून आपोआप आलं, "तीन."

"चार होत्या. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली तुला सापडली नाही. रिटर्न भरताना मीच नीट केली."

तिला आठवलं. ती सहा-सात वर्षांची असताना ते तिच्यापुढे बेरजेचं पान टाकून ऑफिसला जायचे. एक आकडा मुद्दाम चुकवलेला असायचा. संध्याकाळी आले की विचारायचे, चोर सापडला काय? सापडला की दोघं गांधी बाजारात दोसा खायला जायची.

"अप्पा, तुम्ही मुद्दाम?"

"मग काय करायचं?" ते जरा चिडूनच म्हणाले. "दाराशी उभी राहायचीस. बरं आहे ना? बरं आहे. आत तुझ्या सासूबाई, बाहेर गिऱ्हाईक. लेकीशी बोलायचं काय त्यात? म्हटलं एक चूक ठेवून जाऊ. सापडली तर कळेल, पोरगी वही उघडते, अजून डोकं चालतं तिचं. पुढच्या शनिवारी पान उघडलं तर तुझा पेन्सिलीचा आकडा. त्या दिवशी मी बसमधून घरी न जाता चालत आलो. ऑडिटरने असं करू नये. ठाऊक आहे मला. कागद बाहेर जायच्या आधी सगळं बघून घ्यायचो."

"आणि हल्लीच्या? उन्हाळ्यापासूनच्या अकरा?"

विश्वेश्वररावांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"तेच सांगायलोय. त्यातल्या ठेवलेल्या कुठल्या आणि झालेल्या कुठल्या, ते माझं मलाच कळेना. ऑगस्टचं पान मी सोडलं की सुटलं? देवाशपथ सांगता येत नाही. तू बरोबर वेळेला आलीस, बाळ. मला स्वतःहून उठता आलं नसतं. काम सोडलं असतं तर शनिवारचं काय केलं असतं मी?"

तिला रडू आवरेना. तिने आवरलंही नाही. छत्तीस वर्षांची बाई, रस्त्यावर ऐकू जाईल अशी रडली. "मला तुम्ही हवे आहात, अप्पा. ऑडिटर कुणीही येऊ दे. तुम्ही या. पुढच्या दाराने या."

"कसं यायचं? तुझ्या आईनेही पाळलं मरेपर्यंत. एक नातवंड होऊ दे, मग बघ, रोज येऊन बसेन. हाकलशील मला."

ती सणावारी माहेरी आली की हेच वाक्य ते बोलत, आणि चार वर्षं ती हसून विषय बदलत असे. आता बदलायला तिच्याकडे विषय उरला नव्हता.

"नाही होणार, अप्पा. डॉक्टरांनी सांगितलंय. त्र्याण्णव सालीच. तुम्ही वाट बघता म्हणून मला सांगवलं नाही."

समोरच्या घरात कुणीतरी कन्नड बातम्या मोठ्याने लावल्या होत्या. त्या संपून जाहिराती लागल्या. विश्वेश्वररावांनी हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. लग्नानंतर त्यांनी तिला असा हात लावला नव्हता.

"चार वर्षं एकटीने धरून ठेवलंस?"

"ह्यांना ठाऊक आहे. आत्याबाईंना ठाऊक आहे."

"त्यांना ठाऊक असताना मला दर शनिवारी या म्हणत राहिले?"

"होय."

विश्वेश्वररावांनी बायकोच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि कोरड्या, रोजच्या आवाजात विचारलं, "आज काय करणार आहेत तुझ्याकडे जेवायला?"

तिला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिने डोळे पुसले. "हुळी-भात असेल. घेवड्याची भाजी. मला नक्की ठाऊक नाही, शनिवारी आत्याबाईच करतात. मी शनिवारी जेवत नाही."

"उपास? मारुतीचा?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही अकरापासून चारपर्यंत तसेच बसून असता. मला घास उतरत नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. पहिल्या शनिवारपासून."

विश्वेश्वरराव उठले. पिशवीकडे हात गेला होता तो त्यांनी मागे घेतला. कोटाची वरची गुंडी लावली, वहाणा घातल्या आणि दाराला कुलूप लावलं.

"चल, ऑटो बघ," ते म्हणाले. "मला भूक लागलीय."